हुकूम क्रमांक दोनशे चौदा

"हुकूम तुझाच होता, आई," जिग्नेश म्हणाला, आणि ओसरीवर बसलेल्या एकानेही मान वर केली नाही.

वेणूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. काल सकाळी डहाणूला जाऊन तिने डोळा करून घेतला होता. आज पट्टी सुटून नाकावर काळा चष्मा आला होता, आणि कालपासून घरातली माणसं तिच्याशी मोठमोठ्याने बोलत होती, जसा काही मोतीबिंदू कानाला झाला होता. पण जिग्नेश आत्ता हळू बोलला होता आणि तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता.

खरं तर तिने थोरल्याला विचारलंच नव्हतं. तिने धाकट्याला विचारलं होतं. हार्दिक खांबाला पाठ लावून बसला होता. पंधरा वर्षं बोट हाकणारा तांडेल, वारा हुंगून दर्याचं मन सांगणारा म्हणून धाकटी डहाणू गावात लोक ज्याचं नाव घेत, तो काल रात्री 'महालक्ष्मीकृपा' खाडीत घेऊन आला तेव्हा बोटीवर एक माणूस कमी होता. लडक्या. तलासरीच्या डोंगराकडचा, आठ वर्षं घरचा खलाशी. दुपारी तीनच्या सुमाराला जाळ्याचा दोर ओढता ओढता लाटेने त्याला उचललं. आज पहाटे तो बोर्डीच्या किनाऱ्याला लागला. त्याची बायको सुकी तलासरीहून दवाखान्यात पोचली होती. कागदपत्रांसाठी तिचा दीर उमेश तिथे थांबणार आणि ती इकडे येणार, असा निरोप होता. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं म्हणून वेणूने जेवणाआधी सगळ्यांना गोळा केलं होतं आणि आडपडदा न ठेवता विचारलं होतं, "गावातल्या सगळ्या बोटी दोन वाजता खाडीत आल्या. आपलीच मागे का राहिली रे, हार्दिक?"

आणि हार्दिकऐवजी जिग्नेशने उत्तर दिलं होतं.

"माझा कसला हुकूम?" वेणू म्हणाली. "मी काल दवाखान्यात होते. मग गोळी खाऊन चारपर्यंत झोपले होते."

"परवाचा. सोमवारी संध्याकाळचा. दोनशे तेरा नंबर," जिग्नेश म्हणाला. "काका, दाखवा तिला."

भिकूने रजिस्टर पुढे केलं. भिकू म्हणजे वेणूचा दीर. फौजेतून येऊन वीस वर्षं झाली, तरी शर्टाची इस्त्री मोडली नव्हती आणि मिशीचा एक केस इकडचा तिकडे झाला नव्हता. आज मात्र दाढीचे पांढरे खुंट वर आले होते.

"मी वाचतो, वहिनी. 'हुकूम क्रमांक दोनशे तेरा. पुढचा हुकूम येईपर्यंत बोट आहे त्या जागेवर राहील. वेणूबाईंच्या आज्ञेवरून.' खाली तुमची सही."

हा कारभार भिकूचा. दोन वर्षांपूर्वी जाळ्यांचं भांडण झालं, जिग्नेश किनाऱ्यावरून वायरलेसवर 'ये' म्हणाला आणि बोटीवर बसलेला त्याचा मेहुणा 'थांब' म्हणाला, दोघांच्या ओढाताणीत नवीन जाळी गेली आणि भावाभावांनी एकमेकांची गचांडी धरली. तेव्हा भिकूने या ओसरीवर सगळ्यांना बसवून फौजेचा धडा दिला होता. तो सव्वीस वर्षं उत्तरेकडच्या एका डिव्हिजनच्या मुख्यालयात होता. "सेनापती एकच असतो," तो म्हणाला होता, "पण एका माणसाने किती पाहायचं? म्हणून त्याच्या हाताखाली स्टाफ असतो. एक शाखा लढाईचं आणि शत्रूच्या खबरीचं बघते, दुसरी माणसांचं, तिसरी शिध्याचं आणि सामानाचं. या सगळ्यांचा मेळ घालून साहेबापुढे मांडायचं. स्टाफ म्हणजे साहेबाचे डोळे, कान आणि हात. तोंड मात्र साहेबाचं स्वतःचं."

घराला ते पटलं. जिग्नेशकडे बोट आणि इंजिन गेलं. त्याची बायको रुपल डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांच्या सुट्ट्या बघू लागली. हार्दिकची बायको भाविका हवामानाची खबर ठेवायची आणि वायरलेसवर बोलायची. भिकू सगळ्यांच्या वर आणि वेणूच्या खाली. रोज पाच वाजता बैठक बसे. प्रत्येकजण आपापलं मांडी, वेणू एक शब्द बोले, भिकू तो हुकूम म्हणून, दर मोसमाला एकपासून नंबर घालून, लिही, वेणू सही करी आणि भाविका तो वायरलेसवर वाचून दाखवी. नंबराशिवाय बोट हलायची नाही, हा एकच नियम. गावात टिंगल होणारच होती. "काय हेडक्वार्टर, आज बोंबील कुठल्या हुकमाने वाळत घातले?" असं बाजारात बायका विचारायच्या आणि वेणूही हसायची. मनातून तिला ते आवडतही होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा घरात आरडाओरडा थांबला होता, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही घेतल्याशिवाय बोट हलत नव्हती.

"दोनशे तेरा मी दिला," वेणू सावकाश म्हणाली. "आठवतंय मला. सोमवारी दर्या परातीतल्या पाण्यासारखा होता. पण मग वादळाची खबर आल्यावर दोनशे चौदा काय दिला?"

बाहेर वाळवणाच्या बांबूंवर कावळे उतरले होते आणि त्यांना हाकलायलाही कोणी उठलं नाही.

"खबर आलीच नव्हती का?"

"आली होती," भाविका म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "अकरा वाजून दहा मिनिटांनी. मी रजिस्टरात लिहिली, लाल पेनाने, आणि काकांच्या पुढे ठेवली. माझं काम तेवढंच, आई. खबर लिहायची आणि पुढे ठेवायची."

"रुपल?"

"मला काकांनी विचारलं, बर्फ किती दिवसांचा आहे? मी म्हटलं, दोन दिवसांचा. डिझेल भरपूर आहे." रुपलने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, बोट थांबवायचं ठरतंय. मी कशाला मध्ये बोलू? बोटीचं माझ्याकडे नाय."

"बोटीचं ज्याच्याकडे आहे तो कुठे होता?"

"मी पंपाचा पार्ट आणायला स्टेशनकडे गेलो होतो," जिग्नेश म्हणाला. "येताना पाहिलं, बोटी खाडीत शिरतायत. मला वाटलं, आपल्यालाही हुकूम गेला असणार. नंबर निघाला की नाय हे बघणं माझं काम नाय, आई, ते काकांचं."

वेणू एकेकाकडे वळून पाहत होती. केलेल्या डोळ्याला चष्म्याआडून सगळेच धुरकट दिसत होते, दुसऱ्या डोळ्याने मात्र नको तितकं स्वच्छ दिसत होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. एकाने जरी हलगर्जीपणा केला असता, तरी तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं.

"आणि तू?" ती हार्दिकला म्हणाली. "तुला आभाळ दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. साडेदहापासून दिसत होतं." हार्दिकने प्रथमच तोंड उघडलं. "बारा वाजता मी वायरलेस केला. म्हटलं, बाकीच्या बोटी वळतायत, हुकूम आहे का? लडक्या बाजूलाच होता. तो म्हणाला, तांडेल, वळवा, वेणूबायनं विचारलं तर माझं नाव सांगा. मी म्हटलं, नंबर येऊ दे. जाळी गेली तेव्हा नंबर नव्हता म्हणून दादाने माझी कॉलर धरली होती."

"मग? वायरलेसवर काय उत्तर आलं?"

हार्दिकने बायकोकडे पाहिलं नाही. भाविकाच बोलली.

"मी काकांना विचारलं. ते म्हणाले, 'स्टँड बाय' सांग, थांबून राहा म्हणून. मी सांगितलं." तिने दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले. "माझा स्वतःचा नवरा होता त्या बोटीवर, आई. लाल पेनाने मी स्वतः लिहिलं होतं, ताशी साठ किलोमीटर वारा. आणि मी त्याला स्टँड बाय म्हटलं. दोनदा म्हटलं. दीड वाजता त्यांनी परत विचारलं तेव्हाही."

तिने रुपलकडून पाण्याचा तांब्या घेतला आणि न पिता खाली ठेवला. तिचा नवरा हरी जन्मभर दर्यावर गेला, आणि परत फिरायला त्याने कधी कोणाची परवानगी मागितली नव्हती. तो वळायचा आणि घरी येऊन सांगायचा, वळलो म्हणून.

"भिकूभावोजी," ती म्हणाली, "पाच वाजेपर्यंत थांबायचं होतं तुम्हाला? बैठकीची वाट बघत होतात?"

"तुम्ही झोपला होता, वहिनी."

"मला उठवायचं."

"मी दोनदा दारापर्यंत आलो. तुम्हाला रात्रभर झोप नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, उठवू नका, डोळ्याला धक्का नको." भिकूने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "मला वाटलं, वादळ वर पोरबंदरच्या बाजूला सरकेल. कधी कधी सरकतं."

"सरकलं नाही."

"नाही."

"आणि मला उठवायची गरजच नव्हती," वेणू म्हणाली. आत्ता कुठे तिला ते आठवलं होतं. "सोमवारी तुम्ही माझ्या सह्या घेतल्या होत्या. कोऱ्या कागदांवर. म्हणालात, उद्या डोळ्यावर पट्टी, सही वाकडी येईल, अडीनडीला असू द्या. पाच कागद होते. कुठे आहेत ते?"

भिकू उठला नाही. रुपल उठली. आतून ती त्याची पत्र्याची हिरवी पेटी घेऊन आली, भिकूने मुकाट्याने किल्ली दिली, आणि वरचाच कागद वेणूच्या हातात आला. तिने काळा चष्मा काढला. उजेडाने डोळ्यात सुया टोचल्या तरी तिने कागद नाकाजवळ धरला. वर भिकूच्या मोत्यासारख्या अक्षरात 'हुकूम क्रमांक २१४'. खाली तिची स्वतःची सही, वेणू हरी मर्दे, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. मधे काहीच नव्हतं. फक्त पहिल्या ओळीच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका होता, पेन टेकवून तसंच उचललेलं.

तो ठिपका पाहून तिला रडू फुटेल असं वाटलं, पण रडू आलं नाही. ती त्या कागदाकडे नुसती बघत राहिली. लडक्या दोर ओढत होता तेव्हा हा कागद तिच्या सहीसकट पेटीत पडून होता.

"तीन शब्द," ती म्हणाली. "'ताबडतोब परत या.' एवढेच लिहायचे होते."

"पेन उघडलं होतं, वहिनी." भिकूचा आवाज कुठून तरी खोलातून आला. "अर्धा तास उघडं होतं. मी सव्वीस वर्षं हुकूम लिहिले. कुठली पलटण कुठे जाईल, कोणता पूल कोण धरेल, सगळं माझ्या हातून लिहिलं गेलं. त्यातला एकही माझा नव्हता. साहेब बोलायचे आणि मी लिहायचो. काल कोणी बोललंच नाही."

दर पंधरा ऑगस्टला ज्याच्या हातून गावाचा झेंडा चढायचा, तो हा माणूस. वेणूने त्याला दीर म्हणून नाही, आधार म्हणून घरात मान दिला होता. आता तो समोर बसला होता आणि तिला त्याचा राग यायच्या आधी त्याची कीव आली. स्वतःची तर लाजच वाटली.

जिग्नेश मात्र कागदाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि वेणूला पोरांचं असं बघणं लहानपणापासून ठाऊक होतं.

"आई, तो कागद इकडे दे," तो म्हणाला. "पाच वाजता पोलिसांनी जबाबाला बोलावलंय. तुझं आणि हार्दिकचं नाव आहे. हा कागद आत्ता भरूया. 'ताबडतोब परत या, वेळ अकरा वीस.' नंबर खरा, सही खरी. आपण हुकूम दिला होता."

"आणि बोट का नाय वळली?" भाविकाने विचारलं.

"वायरलेस ऐकू गेला नाय. वादळात जातो कधी कधी."

"म्हणजे मी वाचला नाय, किंवा यांनी ऐकला नाय. दोघांतलं एक आमच्या गळ्यात घालताय तुम्ही."

"गळ्यात कोणाच्याच नाय, भाविका," रुपल म्हणाली. "हवेच्या गळ्यात. आईंना या वयात ठाण्यात बसवायचं का? आणि तसं म्हटलं तर लडक्यानेही कमरेला दोर बांधला नव्हता, असं..."

"बांधला होता, वहिनी," हार्दिक म्हणाला. "मी बांधला होता. दोर तुटला. त्याचं नाव असं काढू नको."

रुपलचा चेहरा पडला. ती नवऱ्यापासून दूर सरकली. "मग नको," ती पुटपुटली. "राहू दे. मी असलं नाय बोलायला पाहिजे होतं."

"तुला कळत नाय, आईचं काय होईल ते," जिग्नेश म्हणाला. "काका, तुम्ही सांगा. तुमच्या अक्षरातच पाहिजे तो."

सगळ्यांनी भिकूकडे पाहिलं. वेणूला खात्री होती तो काय म्हणेल त्याची. सव्वीस वर्षांचा माणूस, रजिस्टरात एक काना खोडला तरी शेजारी तारीख घालून सही करणारा.

भिकूने खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"मी नोकरीत एकही कागद मागाहून भरला नाही," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. पण ती नोकरी होती, वहिनी. हे घर आहे. कागद द्या."

आज दिवसभरात बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यांत मोठा होता. लडक्या गेल्याचं कळलं तेव्हा वेणू हंबरडा फोडून रडली होती. आत्ता ती त्या उघड्या निबाकडे पाहत राहिली.

"काल लिहिता आलं नाय," ती शेवटी म्हणाली, "आणि आज येतंय?"

भिकूचा हात तसाच राहिला. निब सुकेपर्यंत तो तसाच राहिला असता, पण तेवढ्यात फाटक वाजलं.

सुकी एकटीच आली होती. रिक्षा बाहेर उभी होती. तिने पायातल्या चपला पायरीपाशी काढल्या, ओसरीवर आली आणि कोणी सांगायच्या आधी खाली बसली. तिचे डोळे कोरडे होते. भाविका तिच्याजवळ जाऊन बसली, तिने भाविकाचा हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही.

"उमेश तिथं हाय," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत देतील म्हणतात. बाय, मला येवढंच पुसायचं हाय. आमच्या पाड्यातला एक जण दुसऱ्या बोटीवर होता. तो दोनला घरी आला. तो बोलला, तुमची बोट नुसती उभी होती. जाळं तुटलं नव्हतं, इंजिन बिघडलं नव्हतं. नुसती उभी. कोणी उभी केली?"

जिग्नेशने घसा खाकरला. "हे बघ, सुकी, वायरलेसचं असं असतं..."

"जिग्नेश," वेणू म्हणाली, "गप बस."

आपण काय करणार आहोत हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. भिकूनेच तिला एकदा शिकवलं होतं: स्टाफ चुकला तरी चूक साहेबाची, कारण सही साहेबाची असते. तेव्हा तिने हसून मान डोलावली होती. सही करायला तिला फार आवडायचं.

"मी उभी केली," ती म्हणाली. "सोमवारी मी हुकूम दिला, थांबा म्हणून. काल वादळाची खबर घरात आली आणि मी परत बोलावलं नाही. मी झोपले होते. पण बोलवायचा कागद मी सही करून ठेवला होता. हा बघ. हा तू ने. पोलिसांनी विचारलं तर दाखव, उमेशलाही दाखव. पाच वाजता ठाण्यात मीही हेच सांगणार आहे."

"आई," जिग्नेश म्हणाला, "तो कागद गेला तर आपल्या हातात काय राहील?"

वेणूने कागद सुकीच्या मांडीवर ठेवला.

सुकीने तो उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तिला वाचता येत नव्हतं. ओसरीवर चष्मा आणि पेन भिकूकडे होतं, म्हणून तिने तो त्याच्यापुढे धरला. "बाबा, काय लिवलंय यावर?"

भिकू उभा राहिला. कागद वाचताना उभं राहायची त्याची जुनी सवय होती.

"हुकूम क्रमांक दोनशे चौदा," त्याने वाचलं. मग त्याची नजर कागदावरून खाली गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. "खाली सही. वेणू हरी मर्दे."

"आन मधी?"

"मधे काही नाही."

"कायच नाय?"

"नाही."

सुकी वेणूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरोखरच समजत नव्हतं. "मग ते तिथं कशाची वाट बघत होते, बाय?"

"याची," वेणू म्हणाली.

सुकीने भिकूच्या हातून कागद घेतला, त्याची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली. मग ती उठली. तिच्या आधीच हार्दिक पायऱ्या उतरून रिक्षाजवळ जाऊन उभा राहिला होता, आणि या वेळी त्याने कोणाला विचारलं नव्हतं.